चिमीचा बेदाणा आणि लांबच लांब शेवई

एक होती मुंगी. तिचं नाव चिमी. चिमीला सापडला एक बेदाणा. निघाली फळीवरून, तुरुतुरु तुरुतुरु. पाय घसरला. बेदाणा खालच्या पातेल्यात, डुबुक!

पातेल्यात होती खीर. खिरीत शेवया, लांबच लांब! गोदाकाकूने हाताने वळलेल्या. शिजवायच्या आधी शेवया मोडायच्या असतात. पण काकूला त्या मोडवल्याच नाहीत.

एका शेवईने बेदाण्याला घातला वेढा.

"शेवईताई, माझा बेदाणा सोड."

"मी एवढी लांब, झाला गुंता! खिरीतला डाव फिरेल, तर मी तुटेन."

"माझा बेदाणा मी घेणारच!" चिमी गेली डावाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"डावदादा, डावदादा! शेवई तुटेना, माझा बेदाणा सुटेना!"

"काकू ढवळेल, तर मी फिरेन."

"माझा बेदाणा मी घेणारच!" गेली काकूकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू! डाव फिरेना, शेवई तुटेना, माझा बेदाणा सुटेना!"

"अगं बाई, खीर गार झाली, घट्ट झाली. चूल पेटेल, तर मी ढवळीन."

"माझा बेदाणा मी घेणारच!" गेली चुलीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"चूलबाई, चूलबाई! काकू ढवळेना, डाव फिरेना, शेवई तुटेना, माझा बेदाणा सुटेना!"

"अप्पा फुंकतील, तर मी पेटेन."

"माझा बेदाणा मी घेणारच!" गेली काकूच्या अप्पांकडे, तुरुतुरु तुरुतुरु. अप्पा बसले होते रुसून.

"अप्पा, अप्पा! चूल पेटेना, काकू ढवळेना, डाव फिरेना, शेवई तुटेना, माझा बेदाणा सुटेना!"

"मी नाही फुंकणार जा! लांब शेवया माझ्या मिशीला लटकतात. सगळे हसतात!"

"अहो अप्पा, तुम्ही फुंका तर खरं! शेवया तुटतील. मग मिशीला काय लटकणार?"

"अरेच्चा!" अप्पा उठले.

अप्पांनी फुंकलं, फूऽऽ! चूल पेटली, भक्! काकूने ढवळलं. डाव फिरला, गरगर गरगर. शेवईचं एक टोक ओढलं इकडे, एक टोक तिकडे. मधोमध तुटली, तट्! तुकडे अजून लांबच. तेही मधोमध, तट्! तट् तट्!

मग उरल्या चिमुकल्या शेवया. डाव फिरतोच आहे, गरगर गरगर. चिमुकल्या नुसत्या गिरक्या घेतात. त्यांना ओढता येईना. तुटली का एखादी? छे! एकही नाही!

वेढा सुटला. बेदाणा वर आला. दूध पिऊन झाला होता टम्म! काकूने तो उचलला, फुंकून निववला.

"घे गं चिमी, तुझा बेदाणा."

अप्पांनी खीर ओरपली, सुर्रर्र! मिशी कोरडी!

चिमीने बेदाणा ओढला, हाईशा! बिळात काही मावेना. "हात्तिच्या!" म्हणाली, आणि दारातच बसून सगळा खाल्ला.

बेदाणा चिमीच्या पोटात, खीर तुमच्या वाटीत!