शिळ्या सणाची सकाळ

सरका गं जवळ, पाय आत घ्या. आणि हुं म्हणायचं. हुं नाही तर गोष्ट नाही, आधीच सांगून ठेवते.

खाडीकाठी एक गाव होतं. त्यात इस्राएली तेल्यांची पाच-सात घरं. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. त्यातल्या हस्साजी तेल्याची बायको शेगुलाबाई. तिला सहा वर्षांची एक मुलगी, मिलका, आणि एक तान्हा मुलगा. मिलका म्हणजे नुसती भिंगरी! आईचा पदर ओढत दिवसभर मागे मागे. पण त्या साली श्रावणात ताप आला आणि तिसऱ्या दिवशी पोर गेली. शेगुलाबाई रडली नाही. घाण्यापाशी जाऊन बसायची नुसती.

मग आला दारफाळणीचा सण. दार फाळायचं म्हणजे घट्ट लावून घ्यायचं, बरं का. आधी ज्याचं मन दुखवलं असेल त्याची माफी मागायची. मग न्हायचं, पांढरं नेसायचं, दार लावायचं आणि पाण्याचा थेंबही न घेता देवापाशी बसायचं. पण त्या दिवशी घरातली गेलेली माणसंही आत येऊन बसतात, असं म्हातारी माणसं सांगत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. सकाळी दार उघडलं की ती आपल्या वाटेनं परत जातात.

हस्साजीनं दार लावलं, प्रार्थना म्हटली. शेगुलाबाई कोपऱ्यात बसली होती. आणि काय सांगू, तिचा पदर खालून ओढला गेला! बघते तर कुणी नाही. पुन्हा ओढला. तिनं हात खाली नेला, तर हाताला तेल लावलेले मऊ केस लागले.

तो दिवस तिनं कसा काढला, विचारू नका. उपास जाणवलाच नाही. मांडीवर ते एवढंसं वजन घेऊन बसून राहिली.

सकाळ झाली. हस्साजी कडी काढायला उठला, तर बाई दाराला पाठ लावून उभी.

"अगं, शिळा सण आज. मंडळींना जायचंय."

"जाऊ देत कौलांतून. माझी मिलका कुठं जायची नाही."

मग काय झालं? दार उघडलं नाही, म्हणून उपासाचा दिवसही संपेना. चूल पेटवायला गेली. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, पण चूल पेटेना. मग तांब्या तोंडाला लावला, तर घोट घशाखाली उतरेना. मग तान्हा रडायला लागला. तिनं त्याला छातीशी धरलं, तर दूधच येईना! पोर रडून रडून काळंनिळं झालं. ती एका हातानं त्याला थोपटते, पण दुसऱ्या हातातले केस काही सोडत नाही.

हस्साजी रागावला असता तर बरं झालं असतं, ती भांडली तरी असती. तो खाली बसला आणि म्हणाला, "मला काय ती जायला हवीय? पण आज माझी गेलेली आई आलीय, तिचं बोट धरायला. ती किती वेळ थांबेल? पोर मागं राहिली, तर पुढं कुणाबरोबर जाईल गं?"

आता सासूचं आणि शेगुलाबाईचं होतं विळ्या-भोपळ्याचं सख्य. सगळ्या गावाची माफी मागून झाली होती, पण मेलेल्या सासूची कोण मागतं? ती रिकाम्या कोपऱ्याकडे वळली. "आत्याबाई, मी तुम्हांला फार टोचून बोलले. माफ करा. पोरीला कडेवर घ्या. चालून दमते ती. आणि खाडीच्या पाण्यातून नेऊ नका, पाण्याला भिते."

मग ती खाली बसली आणि न दिसणाऱ्या केसांची वेणी घातली. बोटांना सवय होती ना! आणि उठून तिनंच कडी काढली.

पदर एकदा ओढला गेला. मग सुटला.

तान्ह्यानं तोंड लावलं आणि दूध आलं. तेव्हा शेगुलाबाईला रडू आलं, श्रावणापासून अडलेलं सगळं. हस्साजी गप्प राहा म्हणाला नाही. तोही शेजारी बसून रडला.

पुढं सुखानं राहिली का, विचारता? राहिली हो. घाणा फिरला, तान्हा मोठा झाला, त्याला पोरंबाळं झाली. पण दर वर्षी शिळ्या सणाला गावात सगळ्यांच्या आधी दार उघडायचं ते शेगुलाबाईचं. शेजारीण विचारायची, "एवढी घाई कसली गं?" तर म्हणायची, "वाट लांबची आहे. ऊन चढायच्या आत पोचायला हवी माझी पोर."

नाक पूस रे आधी, उशीला नको. मिटा आता डोळे.