साच्याची तीट

एका राज्यात धुकं असं दाट पडे, की नावाड्याला आपल्याच नावेचं टोक दिसत नसे. तिथल्या नावा राजाच्या घंटेच्या आवाजावर चालत, आणि ती घंटा ओतणारा म्हातारा सटवोजी म्हणजे हाताला यश असलेला माणूस.

त्याच्या कारखान्यात एक रीत होती. धातूच्या तापल्या रसाला नजर लागू नये म्हणून ओतताना एकमेकांना वाईटसाईट नावांनी हाका मारायच्या. थोट्या, बुटक्या, चकण्या! साचे घडवणाऱ्या बाईचा चेहरा सटवोजीला वाचवताना भाजला होता. तिला त्यानेच लाडाने नाव ठेवलं, जळकी. वीस वर्षं तिने त्या हाकेला ओ दिली. मग एके दिवशी म्हणाली, "बाबा, हा शब्द मला लागतो."

सगळे हसले. सटवोजीही हसला. "बोलण्याने का अंगाला भोकं पडतात, जळके?"

त्या दिवशीच्या घंटेला भोकं पडली. जितक्या हाका, तितकी भोकं.

आढ्यावरची साळुंकी शंभर वर्षांची होती. ती म्हणाली, "हा शाप आहे. इथे एक मांत्रिक भाता ओढी, त्याला तुमचे आजे कुबड्या म्हणत. जाताना तो बोलला, 'लागतं म्हणणाऱ्याला हसाल, त्या दिवसापासून घंटा फुटक्या निघतील.'"

"आणि उतारा?" सटवोजीने विचारलं.

"तो मला ठाऊक नाही."

राजाचा निरोप आला, "घंटेविना दोन नावा खडकावर फुटल्या. तीन ओतण्या देतो. नाहीतर भट्टी विझवा."

पहिल्या ओतणीला सटवोजीने दुप्पट धातू घातला. भोकं तेवढी खोल झाली. दुसऱ्या वेळी त्याने हुकूम सोडला, "कोणी चकार शब्द काढायचा नाही." घंटा अखंड निघाली, पण टोला दिला तर मुकी! कारखान्यातही "पाणी दे" म्हणायची चोरी झाली होती.

मग म्हातारा त्या बाईजवळ मातीत जाऊन बसला. त्याला फार लाज वाटत होती, कारण हाक मारायला त्याच्यापाशी नावच नव्हतं.

"पोरी, तुझं नाव काय?"

"केवडा."

"वीस वर्षांत विचारलं नाही मी."

"नाही विचारलंत."

"हसलो, ते चुकलं माझं. पण नजरेचं काय करू? रस नासला तर माणसं बुडतील."

केवडाने भट्टीच्या तोंडची काजळी बोटावर घेतली. "तीट साच्याला लावा, बाबा. माणसाला कशाला?"

काय शहाणी बाई! पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांना हे सुचलं नव्हतं.

तिसऱ्या ओतणीआधी सटवोजीने एकेकाला नाव विचारून घेतलं. "हैबती, भाता! रायाजी, रस सोड!" रस निवाला. साचा फोडायची वेळ आली. "ज..." सवयीने जीभ वळलीच. त्याने ती दाताखाली धरली.

"केवडाबाई, साचा फोडा!"

"जी, बाबा!"

घंटा अखंड निघाली, अंगावर काजळीचा एक ठिपका घेऊन. पहिला टोला केवडानेच दिला, आणि धुक्यात खोळंबलेल्या नावा एकामागून एक घाटाला लागल्या. शाप गेला, भट्टी राहिली. त्या राज्यातल्या घंटांना तो ठिपका आजही असतो. माणसांना मात्र त्यांची नावं असतात.