केरबाची नवी गाडी आणि हौसाक्काच्या अक्षता

कोनवडी नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? बायकोनं दुधावर लक्ष ठेवा म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो एकटक बघत बसायचा. लक्ष म्हणून ढळू द्यायचा नाही. आळशी नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. सांगितलेलं जन्मात विसरायचा नाही, आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

त्याची बायको हौसाक्का, माहेर माळेवाडीचं. माहेरच्या एकाही लग्नात बिचारीच्या हाती अक्षता पडल्या नव्हत्या. दोन एसट्या बदलून पोचेपर्यंत पंगत उठलेली असायची. आता धाकट्या भावाचं, विलासचं लग्न निघालं, तेव्हा तिनं नवऱ्याला समोर बसवलं.

"या खेपेला मी अक्षतांच्या आधी मांडवात पायजे. एवढं एक करा."

"ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला, आणि पाडव्याला त्यानं नवी मोटरसायकल घेतली.

पाडव्याला गाडी घेणारा केरबा काही एकटाच नव्हता. तालुक्याच्या त्या शोरूममधून एका दिवसात साठ गाड्या बाहेर पडल्या. साठ हार, साठ नारळ, साठ फोटो. एवढ्या धांदलीत नट आवळायला सवड कुणाला? केरबाच्या गाडीला हार तेवढा नीट बसवला होता.

हँडल वाकडं होतं. ते सरळ धरलं की गाडी डावीकडं जायची. नवीन गाडी अशीच असेल म्हणून केरबा गप्प बसला आणि गाव येईपर्यंत दोनदा लोकांच्या उसात शिरला. दुसऱ्या दिवशी हौसाक्कानं त्याला शोरूममध्ये पिटाळलं. तिथला दस्तगीर मिस्त्री भला माणूस. त्यानं हँडल बसवून दिलं आणि समजावलं, की काका, गाडीत काही वाकडं दिसलं की चालवून घेऊ नका, लगेच सरळ करा.

"ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

घरी आला, गाडी साईड स्टँडवर लावली, चार पावलं मागं जाऊन बघितलं. गाडी वाकडी. त्यानं लगेच सरळ केली आणि हात सोडला. गाडी पलीकडच्या अंगाला, शेजारच्या आनंदीकाकूच्या कुरडयांवर जाऊन झोपली. केरबानं उचलून परत स्टँडवर लावली. परत वाकडी. परत सरळ केली. तिसऱ्या खेपेला काकू लाटणं घेऊनच बाहेर आली.

मिस्त्रीनं हे ऐकलं आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो म्हणाला, "काका, तुम्ही कशाला हात लावू नका. काय झालं तर गाडी ढकलत माझ्याकडं आणा."

"ध्यानात ठेवतो."

चार दिवसांनी गाडी बंद पडली. शोरूमनं घातलेलं पेट्रोल संपलं होतं, बाकी काही नाही. आणि गाडी थांबली ती नेमकी पेट्रोल पंपाच्या दारात. पंपावरच्या माणसानं प्रेमानं हाक मारली. केरबानं त्याला दुरूनच नमस्कार केला आणि गाडी ढकलत आठ किलोमीटर पुढं गेला. वाटेत खड्ड्याखड्ड्याला ढिले नट गळत होते. आधी आरसा पडला, मग नंबरप्लेट पडली. केरबानं दोन्ही पडताना नीट बघितलं. पण हात लावायचा नव्हता.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. मग त्याला शेजारी बसवून, चहा पाजून, दोनच गोष्टी सांगितल्या. रिकामं झालं की तिथल्या तिथं भरायचं, रिकामं घेऊन पुढं जायचं नाही. आणि काही हलायला लागलं की थांबायचं, ते काढायचं, सावलीला जपून ठेवायचं, मगच पुढं निघायचं. रस्त्यात पडून फुटण्यापेक्षा ते बरं. एवढं बोलून त्यानं नवा आरसा आणि नवी नंबरप्लेट बसवली आणि गाडीचे सगळे नट आवळले. मागच्या सीटखालचे दोन तेवढे राहिले.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा पस्तीसचा. साडेदहाला हौसाक्का नवी इरकल नेसून गाडीवर बसली. आजवर एवढी खूश ती कधी दिसली नव्हती. अर्धी वाट संपली, चिंचेचा फाटा आला, आणि ती म्हणाली की मागं काहीतरी हलतंय.

केरबा जागच्या जागी थांबला. आरसा हलवून बघितला. घट्ट. नंबरप्लेट घट्ट. मागचा दिवा घट्ट. शेवटी त्यानं हौसाक्काचा खांदा धरून हलवला. हौसाक्का हलली.

त्यानं तिला अलगद उतरवली, दूध डेअरीच्या कट्ट्यावर सावलीला बसवली आणि निघून गेला. सीट आवळायला पाना आणायला गेला असेल, असं तिला बराच वेळ वाटत होतं.

थोडं पुढं गेल्यावर केरबाच्या ध्यानात आलं, मागची जागा रिकामी. कडेला एक म्हातारी वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला जायला वाहनाची वाट बघत उभी होती. त्यानं तिला भरली.

माळेवाडीत मारुतीच्या देवळापुढं मांडव होता. गाडीचा आवाज आला तशी सासू भाकरतुकडा घेऊन धावली. लेक वेळेत आली म्हणून तिचे डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. तिनं तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि मग तोंड बघितलं.

"आमची हौसा कुठं हाय?"

"ती हलत हुती, मामी. फाट्यावर काढून ठेवलीया. सावलीला हाय, फुटायची न्हाय."

सासूनं मटकन बसकण मारली. सासऱ्यानं घड्याळ बघितलं. पावणेबारा. मुलगी पुन्हा अक्षतांना मुकणार होती, पण जावयाला शिव्या देता येत नव्हत्या. तो एवढंच म्हणाला, "जावई, तिला घेऊन या. आणि आता कुठंच थांबू नका."

"ध्यानात ठेवतो, मामा."

केरबा खरंच कुठं थांबला नाही. फाट्यावरसुद्धा नाही. हौसाक्काला इरकल सावरत पळत येऊन चालत्या गाडीवर उडी मारावी लागली. बारा तीसला गाडी मांडवापाशी आली आणि पुढं गेली. देवळाला वळसा घालून पुन्हा आली. पुन्हा पुढं गेली. हौसाक्का त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होती. आत मंगलाष्टकं चालली होती आणि पाहुण्यांच्या माना देवळाभोवती फिरत होत्या. नवरानवरीच्या आधी या दोघांचेच सात फेरे झाले.

सातव्या फेरीला नवरदेवाच्या मागं उभ्या असलेल्या त्याच्या मामांनी धावत जाऊन हौसाक्काला चालत्या गाडीवरून उचलून घेतलं. तिचा पाय मांडवात पडायला आणि शेवटचं सावधान व्हायला एकच गाठ पडली. सगळे तिच्याकडंच बघत होते, म्हणून निम्म्या अक्षता तिच्याच डोक्यावर पडल्या. हौसाक्का हसत होती आणि रडत होती. नवऱ्यावरचा सगळा राग ती तिथंच विसरली.

मग नवरानवरी मारुतीच्या पाया पडायला मांडवाबाहेर आली.

केरबा अजून फिरतच होता. मागची जागा रिकामी झालेली त्याच्या ध्यानात आली. त्यानं इकडं तिकडं बघितलं. सगळ्यांत जवळ नवरी उभी होती.