शोधपेटीत फक्त महाराज

घुमटगड संस्थानच्या महाराजांनी हुकूम सोडला, "आपल्या वेबसाइटवर कोणी काहीही शोधो, फक्त 'महाराजांचे पराक्रम' हाच विभाग दिसला पाहिजे!"

वेबसाइट सांभाळणाऱ्या तुळाजीने मुकाट्याने तसं केलं. मग त्याच्या बायकोची दाढ ठणकू लागली. त्याने वेबसाइटवर वैद्य शोधला, तर पडद्यावर तलवार उपसलेले महाराज आले. तुळाजीचं डोकं फिरलं.

भर दरबारात तो म्हणाला, "सरकार, पाहुण्यांना शोधपेटी दाखवू?"

महाराज खुलले. तुळाजीने लिहिलं, 'राज्यातलं सर्वांत मोठं गाढव'. पडद्यावर मिशीला पीळ देणारे महाराज झळकले.

"मुंडकं उडवीन!"

"उडवा, सरकार. पण दुसरं गाढव दाखवायला आपलीच मनाई आहे."

पाहुण्यांना हसू आवरेना. महाराजांनी तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला. तुळाजीने आधी वैद्य शोधला. गाढव शोधायची आता कोणालाच गरज नव्हती.