गोड पाव आणि वाकडे पंख

तळ्याकाठी नुकतेच लोक फिरायला येऊ लागले होते, त्या काळची ही गोष्ट. ते पाण्यात गोड पाव टाकत आणि बदकीण तोच पिल्लाला भरवी. पिल्लू गुबगुबीत झालं, पण त्याचे पंख वाकडे वाढू लागले.

"अगं, त्याला शेवाळ चार, किडे चार," टिटवी म्हणाली.

"आवडीनं खातंय, टिटवीमावशी. खाऊ दे की."

उन्हाळ्यात तळं आटू लागलं, तशी बाकीची बदकं धरणाकडे उडाली. पिल्लाला उडता येईना. पाव टाकणारेही आता फिरकेनात.

"तू जा, आई," पिल्लू म्हणालं.

बदकीण गेली नाही. उरलेल्या पाण्यात चोच खुपसून तिनं शेवाळ काढलं आणि त्याला भरवलं.

"कडू आहे."

"असू दे, बाळा. तळ्यात पाणी आहे तोवर हेच खाऊ."