राजेसाहेबांचा सोन्याचा मासा

राजेसाहेबांना सोन्याचा मासा हवा होता, आणि तोही भर आषाढात!

झालं असं, की एका फिरंगी व्यापाऱ्याने माणिकदुर्गाच्या या राजेसाहेबांना काचेची भलीमोठी हंडी नजर केली. आता हंडीत ठेवायचं काय? कुणीतरी चोंबडा बोलून गेला, की किल्ल्यामागे पाण्याखाली पोवळ्यांचा खडक आहे आणि त्याच्या कपारीत बोटभर लांबीचा पिवळाधमक मासा राहतो. इतका दुर्मीळ, की म्हाताऱ्या पोशा नाखव्याखेरीज कुणाच्या नजरेलाही पडलेला नाही. झालं, राजेसाहेब हट्टाला पेटले. पोशाला बोलावून भरदरबारात हुकूम सोडला, "मला सोन्याचा मासा हवा. एकच, पण उद्या सकाळी या हंडीत पडला पाहिजे. नाहीतर तुझी होडी जप्त."

बाहेर समुद्र नुसता खवळलेला. नारळी पौर्णिमेआधी कोळी होडी पाण्यात घालत नाहीत, तिथे बुडी कुठली मारायची? पोशाच्या तोंडचं पाणीच पळालं. तरी घरी येऊन बिचारा मुकाट्याने दोर गुंडाळायला लागला. होडी गेली तर खाणार काय?

"बाबा, तो दोर ठेवा खाली," त्याची लेक बायजा म्हणाली. "आणि राजेसाहेब काय बोलले ते शब्दाला शब्द सांगा."

पोशाने सांगितलं. बायजा गालातल्या गालात हसली आणि तडक गावच्या सोनाराकडे गेली.

सकाळी दरबारात येऊन तिने हंडीत काहीतरी टाकलं. राजेसाहेब काचेला नाक लावून बघू लागले. तळाशी सोन्याचा एक मणी!

"हे काय आहे?"

"सोन्याचा मासा, सरकार. माझ्या कानातल्यातून तोडलाय. खात्री नसेल तर तोलून घ्या."

दरबारच्या सोनाराने मणी काढून तोलला आणि घसा खाकरला. "बरोबर आहे, सरकार. बारा माशांचा तोळा होतो. त्यातला हा एक मासा. गुंजभरही कमी नाही." आणि त्याने मणी परत हंडीत सोडला.

कारभाऱ्यांनी उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं. राजेसाहेब मात्र लालबुंद झाले.

"अगं, पण मासा पोहायला नको? हा तर बुडाला."

"बुडू द्या की, सरकार. माझा बाप बुडण्यापेक्षा हा बुडलेला परवडला."

राजेसाहेबांनी मिशी चावली, हंडीकडे पाहिलं, बायजाकडे पाहिलं, आणि मग असे खदखदून हसले की पगडी तिरकी झाली.

"होडी तुमचीच," ते डोळे पुसत म्हणाले. "त्या खडकाकडेही कुणी फिरकू नका. हाच मासा बरा, खायला तरी मागत नाही. आणि सोनारबुवा, या पोरीला माशाच्या बदल्यात तोळा द्या!"