शत्रूचं गाढव

एक होता राजा. पण तो आज आपल्या कामाचा नाही, त्याला झोपू द्या. आपल्या गोष्टीत आहे एक गाढव.

फार पूर्वी इस्राएल देशात मीखा नावाचा माणूस लाकडं तोडत होता. कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि शेजारी उभ्या नाथानला लागलं. नाथान गेला. मुद्दाम नव्हतं केलं, बरं का. पण नाथानचा भाऊ ओबद्या, त्याने तलवार कमरेला बांधली. "भावाचं रक्त आहे. सोडणार नाही!"

तिथला कायदा असा, की वाटेत गाठलं तर भावाने मारावं. पण चुकून जीव घेतलेल्यांसाठी आसऱ्याचं गाव असे. मीखा त्याच्या वेशीत शिरला, की त्याला हात लावायचा नाही. मग मीखाने पळावं की नाही? पण बायकोने गाढवावर जातं लादलं. "तिथे वर्षानुवर्षं राहायचं, दळून कोण देणार?"

ओबद्याने त्याला ओढ्यापाशी गाठलं. तलवार उपसली. तेवढ्यात गाढव ओझ्याखाली बसलं!

आता दुसरा कायदा असा, की शत्रूचं गाढव ओझ्याखाली पडलं, तर शत्रूच्याच जोडीने ते उठवायचं. मेलेला माणूस जोडी कसा देणार? ओबद्याने दातओठ खात तलवार म्यान केली.

"उठलं की मारतो!"

"बरं. आधी शेपटीकडून धर."

गाढव उठलं ते उधळलंच. दावं हाताला गुंडाळलेला मीखाही फरफटत गेला. मग चढावर गाढव पुन्हा बसलं. पुन्हा खांदा लावला, पुन्हा उधळलं. गाढवाला कायदा पाठ असावा.

तिसऱ्यांदा पडलं ते वेशीसमोरच.

"पळ ना मेल्या!" ओबद्या ओरडला. "वेस समोर आहे!"

"जात्याचा दोर गाढवाच्या गळ्याला आवळलाय. मी गेलो तर मरेल ते. माझ्या हातून एक जीव गेला, तेवढा पुरे."

ओबद्याने तलवार उपसली. मीखाने डोळे मिटले. मग ओबद्याने दोर कापला.

आता जातं बांधायचं कशाने? ओबद्याने कमरेचा पट्टा सोडला, जात्याचे दोन्ही दगड बांधले. गाठ काही घट्ट बसेना. मग एका बाजूने मीखाने धरलं, दुसऱ्या बाजूने ओबद्याने, आणि तिघे चालत वेशीतून आत गेले.

ओबद्याला वेस दिसली नव्हती का? चांगली दिसली होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी मोठे याजक, म्हणजे मुख्य पुजारी, वारले. ते वारले की आसऱ्याला आलेल्यांनी निर्धास्त घरी जावं, असा तिसरा कायदा. मीखा सुटला. तो आधी ओबद्याच्या दारात आला, पट्टा घेऊन. ओबद्या म्हणाला, "गाढव बरंय ना?"

मग सगळे सुखात राहिले, गाढवसुद्धा. आता तुम्हीही पडा बघू. सकाळी जोडीने उठवू.